आखलेले डोळे

पेण, ६ फेब्रुवारी २०२५

सुशल्यास,

मी बरी हाय. तू विचारलं नायस तरी सांगते. फोन करू नको म्हणून दहा डाव बोलले. मला ऐकू येत नाय, मग शेजारची इशिता तुझं बोलणं माझ्या कानात ओरडते आणि ते सगळ्या आळीला कळतं. म्हणून हे पत्र. आजी दुसरी पास हाय आणि लिहिते, तू बारावी होऊन लाजू नको.

माघी गणपतीला आलास, मोदक हादडलेस आणि जाताना भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो काढून नेलास. मला विचारलं नायस. मी कारखान्यातून आले तर तुझ्या बापाचा, दत्तूचा फोटो एकटा लटकतोय आणि बाजूला उघडा खिळा. वर टेम्पोवाल्या मोरूच्या हातानं चिठ्ठी, "आईचा फोटो काळा पडलाय, कॉम्प्युटरवर नवा करून देतो." मेलेल्या माणसाला नवं करून काय करणार हायस? लग्नाला उभी करणार हायस?

मोरू अजून एक बोलला. फोटो सुधारायचं ते सॉफ्टवेअर तू दर महिन्याच्या भाड्यानं घेतलंस. भाडं चुकलं तर कंपनी बंद करते. खरं काय? अरे, मी चाळीस वर्षं गणपतीचे डोळे आखते. माझा खारीच्या केसांचा ब्रश माझा हाय. मालकाचा ब्रश मी कधी हातात धरला नाय. मालकाचा ब्रश घेतला की हात पण मालकाचा होतो. उद्या तो बोलला, ठेव खाली, तर एका डोळ्याचा गणपती कोण नेणार? अवजार एकदाच घ्यावं. माणसाचा निकाल लावायचा तर तो पण एकदाच लावावा.

फोटो परत पाठव. जसा हाय तसा.

रंभा गुणाजी

*

रोहा, ११ फेब्रुवारी २०२५

आजी,

चिडू नकोस. फोटोला आतून बुरशी आली होती. अजून दोन पावसाळे गेले असते तर आईचं तोंडच उरलं नसतं.

सॉफ्टवेअरचं समजावून सांगतो. एकदाच पैसे टाकून घ्यायचंही मिळतं. पण ते घेतलं त्या दिवशी जेवढं हुशार असतं तेवढंच राहतं. महिन्याचं असतं ते दर महिन्याला नवं काहीतरी शिकून येतं. आता ते मिटलेले डोळेसुद्धा उघडतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत कुणाची तरी पापणी लवलेलीच असते, त्याच माणसाचा दुसरा फोटो दाखवला की तिथले डोळे उचलून इथे बसवतं. माझा अर्धा धंदा त्यावर चालतो. तुझा ब्रश हे करेल का?

आणि ब्रशवरून आठवलं. मी फोटो काचेतून काढून ओल्या कापसाने पुसत होतो, तर आईचे डोळेच कापसाला लागून आले! काळा रंग, पांढरा रंग. खाली बघतो तर पापण्या खाली झुकलेल्या. म्हणजे मी लहानपणापासून ज्या डोळ्यांना नमस्कार केला, ते तू आखलेले होते? मला शाळेत वाटायचं की आईचे डोळे गणपतीसारखे आहेत. आता कळलं का ते.

तू रागावली नाहीस तर एक गंमत सांगतो. माझ्याकडे पण एक महिन्याचं गिऱ्हाईक आहे. निडीची चंद्रावती म्हणून एक बाई. दर पाच तारखेला येते आणि सहा पासपोर्ट फोटो काढते. दोन वर्षं झाली. विचारलं, मावशी, एवढे फोटो कशाला? म्हणते, फॉर्मला लागतात. कसला फॉर्म भरते देव जाणे! मी तिला मासिक हप्ता म्हणतो.

सुशील

*

पेण, १७ फेब्रुवारी २०२५

सुशल्यास,

पत्र पोचलं. डोळे मी आखले, त्यात चोरी काय? लग्नातला फोटो. नवरीनं खाली बघायचं असतं, तिनं बघितलं. तोच फोटो कातरून दोन केले, एक दत्तूचा, एक तिचा. हार घातलेल्या माणसानं समोर बघायला हवं. खाली बघणारं मेलेलं माणूस घरात ठेवलं की वाटतं काहीतरी लपवतंय. म्हणून दोन डोळे मारले. मला तेवढेच डोळे येतात, गणपतीचे.

आता नीट वाच. रोह्यात तुझं काय ठेवलंय? तिथं तुझं कोणी नाय. पेणला कारखान्यांच्या रांगेत गाळा रिकामा हाय. मूर्तींचे फोटो काढायला आता परदेशातून मागणी येते, मालक बोलला. पाडव्याला इकडं ये. ते महिन्याचं सोड, एकदाच काय ते घे. माझ्या मयताला ठेवलेले पैसे हायेत, ते देते. मला जाळायला तू हायस, उधारीवर जाळ.

आणि असल्या रिकामटेकड्या बायांना दुकानात बसवून घेऊ नको. सहा फोटो दर महिन्याला काढते ती बाई डोक्यानं बरी नसंल. पुढच्या पाचला आली तर सांग, मशीन बिघडली.

फोटो अजून आला नाय.

आजी

*

रोहा, ८ मार्च २०२५

आजी,

पेणचं विचार करतो. गाळा स्टेशनरोडला आहे का आत?

आता मुख्य गोष्ट. आईचा फोटो झाला! मोरूच्या टेम्पोतून पाठवतोय, पुठ्ठ्यात बांधलाय, वाकवू नकोस. पापण्या उघडायच्या तर दुसरा फोटो लागतो आणि आईचा दुसरा फोटो आपल्याकडे नाही. मग माझ्याकडच्या गिऱ्हाइकांचे चेहरे लावून बघितले. वीसेक बायका झाल्या. कुणाचे डोळे बसवले की आई मास्तरीण दिसायची, कुणाचे बसवले की भांडकुदळ. शेवटी त्या निडीच्या चंद्रावतीचे लावले. आजी, हात लावावा लागला नाही. सावली जुळली, खोबण जुळली, डावा डोळा उजव्याहून जरासा बारीक, तोसुद्धा आईच्या नाकाला शोभला. जशी काही त्याच चेहऱ्यासाठी केलेली जोडी.

एक सांगू? पहिल्यांदा वाटलं की आई माझ्याकडे बघते आहे. तुझ्या डोळ्यांनी ती सगळ्यांकडे बघायची.

परवा पाच तारखेला चंद्रावती आली होती. मशीन बिघडली असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिला सांगितलं, मावशी, तुमचे डोळे उसने घेतलेत, माझ्या आईला लावलेत. बाई खुर्चीवरून उठलीच नाही. पाणी दिलं तर पेल्याला ओठ लावून तसाच ठेवला.

सुशील

*

पेण, १२ मार्च २०२५

मालू,

चंद्रावती तुझं निडीतलं नाव. पाट लावताना नव्या नवऱ्यानं ठेवलेलं. माझ्या दारात तू मालूच होतीस आणि माझ्या दारातच मेलीस. पोस्टमन हे तुझ्याच हातात देईल, तुझ्या नवऱ्यानं वाचलं तरी मला काय त्याचं.

आठवण करून देते, विसरली असशील. माझा दत्तू वडखळच्या नाक्यावर ट्रकखाली गेला. वर्ष भरायच्या आत तुझ्या भावानं निडीचं स्थळ आणलं. तू बावीस वर्षांची, मी नाय बोलले नाय. बोलले, जा. पण पोर माझ्या दत्तूचा हाय, तो इथंच राहील. तिकडची माणसं पण बोलली, पोर नको. मी गळ्यातली बोरमाळ काढून तुला दिली. आणि तू ती घेतलीस. सुशीलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस की त्याला कधी सांगणार नाय तू कोण ते, सांगितलंस तर त्याचंच वाईट होईल.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाचा फोटो कातरला, डोळे आखले, हार घातला. पोर तीन दिवस रडला. चौथ्या दिवशी फोटोला नमस्कार करायला शिकला. गडब गावचं घर सोडून पेणला खोली घेतली, लोकांची तोंडं मागं राहावी म्हणून. सव्वीस वर्षं झाली. मी तुला एकदाच मारली, नीट मारली. आणि तू दर महिन्याला उठून बसतेस व्हय?

पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढलीस तर मीच त्याला सांगेन. सगळं नाय सांगणार. एवढंच सांगेन की तुझ्या आईनं तुला एका बोरमाळेला दिला.

रंभा

*

निडी, २० मार्च २०२५

आत्याबाई,

शपथ मोडली नाय. त्याच्या डोक्यावरचा हात अजून तळव्याला जाणवतो, कशी मोडेन.

मी शोधत गेले नव्हते. रोह्याला बाजाराला गेले होते, बोर्ड वाचला, रंभा फोटो स्टुडिओ. तुमचं नाव बघून पायच थांबले. आत बघितलं तर दत्तूचं कपाळ. मी बोलले, पासपोर्ट फोटो काढायचाय. तो बोलला, मावशी, मान सरळ. मला येईना. मग तो पुढं आला, माझ्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि तोंड वर केलं.

एवढंच. तो दिवसाला पन्नास माणसांना असं करतो, मला ठाऊक हाय. त्यात माझं वेगळं काय नाय. पण मी त्यासाठी जाते. फोटो काय करायचेत मला? सगळे तसेच पाकिटात हायेत. तुम्ही शपथेत बोलणं घातलं होतं, बोटं घातली नव्हती.

बोरमाळ घेतली हे खरं. भाऊ बोलला, घेतली नायस तर म्हातारी पाट लावू देणार नाय. मी घेतली. त्याला तेवढं नका सांगू. एप्रिलच्या पाचला जाईन आणि मग जाणार नाय.

मालू

*

पेण, २६ मार्च २०२५

सुशल्यास,

मोरूच्या हातात पैसे पाठवले, मोजून घे, मोरू देवमाणूस नाय. यात ते एकदाचं सॉफ्टवेअर येईल आणि गाळ्याची अनामत पण भागेल. मालकाला मी शब्द दिलाय. एप्रिल संपता संपता रोह्याचं शटर खाली ओढ. महिन्याचं आजच बंद कर.

फोटो पोचला. चांगला नाय आला. परक्या बाईचे डोळे आपल्या घराला लागतात का? रात्रंदिवस माझ्या पाठीला बघत होते. मी ब्रश घेतला आणि वर माझे डोळे मारले, आधी होते तसे. कागद गुळगुळीत, रंग धरत नव्हता, तीन हात द्यावे लागले. आता बरी दिसते. खिळ्याला लावली.

आजी

*

रोहा, १० एप्रिल २०२५

आजी,

तू हे काय केलंस? चार दिवस बसून मी तो फोटो केला होता. आता दुसरा काढताही येत नाही. तू म्हणालीस म्हणून महिन्याचं बंद केलं, एकदाचं घेतलं. हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, कुणाच्या बापाचं देणं नाही. पण जुन्यात केलेली आईची फाइल याच्यात उघडत नाही. नाव दिसतं, "आई", आणि चौकटीत काही नाही. जुनं उघडायचं तर पुन्हा महिना भरायचा. तू जिंकलीस. आईचे डोळे पुन्हा तुझेच.

शटर तीस तारखेला ओढतो. जुन्या गिऱ्हाइकांची दहा-बारा लग्नं त्या बंद फाइलींत अडकली आहेत, त्यासाठी एक शेवटचा महिना भरावा लागेल. मग पेण.

पाच तारखेला चंद्रावती आली. म्हणाली, आता येणार नाही, एक मोठा फोटो काढ, भिंतीवर लावायचा. मी चेष्टा केली, मावशी, हाराचा फोटो आतापासून? वरून तारीख आली का? ती हसली. खुर्चीवर बसली आणि खाली बघायला लागली. मी हनुवटी वर केली, तिने पुन्हा खाली केली. मी चिडलो. म्हणालो, मावशी, अशाने डोळे मिटलेले येतील, पैसे परत मिळणार नाहीत. ती म्हणाली, एक डाव असाच काढ. काढला. पैसे टेबलावर ठेवून गेली. फोटो न्यायला मात्र अजून आली नाही.

सुशील

*

रोहा, ३ मे २०२५

आजी,

महिना भरला. लग्नांच्या फाइली उघडल्या. सगळ्यांत शेवटी आईची उघडली. तिच्यावर चंद्रावतीचे डोळे होते ते बाजूला केले, खाली तुझा रंग पुसल्यावर दिसलेल्या पापण्या होत्या. त्यांच्या शेजारी चंद्रावतीचा नवा फोटो ठेवला, खाली बघणारा. मग एकावर एक ठेवला.

तीस वर्षांनी जाड झालेला चेहरा. बाकी काही वेगळं नाही. पापणीची रेघ रेघेवर बसली. तिने मला सांगितलं नाही, दाखवलं.

मी निडीला गेलो. दार तिनेच उघडलं. मी विचारलं, तू माझी आई आहेस का? म्हणाली, नाय. तुझी आई मेली. मी म्हणालो, मग दर महिन्याला का येत होतीस? म्हणाली, फॉर्मला लागतात. तिच्या नवऱ्याने आतून पाकिटं आणली. सव्वीस पाकिटं. प्रत्येकात सहा फोटो, एकही कापलेला नाही. तोच म्हणाला, हिच्यावर शपथ आहे, ही मरेपर्यंत नाय म्हणेल, तू विचारू नको. बाकीचं त्याने सांगितलं. बोरमाळ पण सांगितली. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी दोन वेळा आई म्हटलं. दोन्ही वेळा ती बोलली, नाय.

निघताना तिने एक पुरचुंडी दिली. पेणच्या म्हातारीची वस्तू आहे, तिला दे, असं म्हणाली.

मोरूबरोबर गाळ्याची अनामत परत पाठवली आहे. दुकान रोह्यातच राहील. बोर्ड उतरवला. सॉफ्टवेअरचं मी पुन्हा महिन्याचं केलं. दर पाच तारखेला मी निडीला जाणार. ती नाही म्हणेल. मी पुढच्या महिन्याला परत जाईन.

सोबत तुझा फोटो फ्रेम करून पाठवतोय. माघीला काढलेला. डोळे मिटलेले आले होते, मी उघडले, गणपतीचे बसवले. तुला तेच आवडतात. हार पुरचुंडीतला घातलाय. दत्तूच्या शेजारी लाव. जिवंत माणसाला हार घालता येतो हे मी तुझ्याच घरात शिकलो.

हे माझं एकदाचं.

सुशील

*

पेण, ११ मे २०२५

सुशल्यास,

फ्रेम पोचली. काच जाड घेतलीस, बरं केलंस.

फोटो लावला. तिचा काढून ट्रंकेत टाकला, त्या खिळ्याला माझा बसला. इशिता बघायला आली, मग तिची आई, मग आळीतल्या आणखी चार. म्हणतात, म्हातारे, तू तर उभी हायस, हा हार कसला? मी बोलले, नातवानं एकदाचं उरकलं. परत यायला नको.

बोरमाळ काढून मणी मोजले. बावन्न. दिले होते तेवढेच. एक झिजलेला नाय, दोरा पण मीच ओवलेला, तोच. म्हणजे तिनं घातलीच नाय. मूर्ख बाई. घेतलीस तर घालायची. नाय घालायची तर घ्यायची नव्हती.

तू मला काय शिकवतोस? आठ वर्षांचा होतास तेव्हा तापात आई आई करत होतास, मी तुला उचलून फोटोसमोर नेला. ती दारात आली असती तर निडीच्या सावत्र घरात धुणी धुतली असतीस. मी केलं ते पुन्हा करेन. माफी मागणार नाय, वाट बघू नको.

डोळे चुकवलेस तेवढं सांगते. उजव्या डोळ्याची कोर बाहेर गेली. कंपनीला गणपती कळत नाय.

आजी

*

पेण, ५ जून २०२५

सुशल्यास,

तुझं उत्तर नाय. मागितलं पण नव्हतं.

कारखान्यात सीझन लागला. हात हलतो माझा. काल एका मूर्तीचा डोळा वाकडा गेला, मालकानं दुसऱ्या पोरीच्या हातात मूर्ती दिली. माझाच ब्रश माझ्या हातात होता आणि काम नव्हतं.

म्हणून आज नाक्यावरच्या फोटोवाल्याकडं गेले. तुझ्या फ्रेममधले डोळे मला चालत नाय, भिंतीवर राहायचं तर माझे हवेत. तिथला पोरगा बोलला असेल काहीतरी, मला ऐकू आलं नाय. मग तो पुढं आला आणि हनुवटीला दोन बोटं लावली. थंड होती. तंबाखूचा वास.

सहा निघाले. एक पाठवते, बाकीचे पाच पाकिटात ठेवले.

पुढच्या पाचला परत जाणार हाय. हा पण बरा नाय आला.

रंभा